साधे रिटर्न, साधा खर्च



जून-जुलै हे आपल्या घरांत खर्चाचे महिने. वह्या-पुस्तके, गणवेश, छत्र्या, मुलीच्या कॉलेजची फी आणि गळक्या पत्र्यावर टाकायचे प्लास्टिक. त्यातच कामाच्या ठिकाणी 'फॉर्म १६' हातात पडतो आणि एक प्रश्न उभा राहतो : इन्कम टॅक्सचे रिटर्न कुणाकडून भरून घ्यायचे? कुणी सांगतो, नाक्यावरचा माणूस स्वस्तात करून देतो. कुणी सांगतो, अमुक एक जण जास्त घेतो पण भरपूर रिफंड काढून देतो. तिसरा म्हणतो, आता बारा लाखांपर्यंत टॅक्सच नाही, मग रिटर्न हवेच कशाला? या तिन्ही बोलण्यांत खरे किती आणि खोटे किती, ते या आठवड्यात पाहू.

आधी तिसऱ्याचे बोलणे घेऊ, कारण सर्वांत जास्त घोटाळा तिथेच आहे. १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या वर्षाच्या उत्पन्नावर, नव्या कर पद्धतीत, १२ लाख रुपयांपर्यंत कर भरावा लागत नाही हे खरे. पगारदार माणसाला ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते, म्हणून त्याच्यासाठी हा आकडा १२ लाख ७५ हजार होतो. पण हा कर मुळातच नसतो असे नाही. तो हिशेबाने लागतो आणि मग सूट देऊन माफ केला जातो. करमुक्त मर्यादा आहे ४ लाखांची. उत्पन्न ४ लाखांच्या वर गेले की रिटर्न भरणे कायद्याने बंधनकारक आहे, मग शेवटी भरायचा कर शून्य का असेना.

एक उदाहरण घ्या. समजा, एका सफाई कामगार भगिनीला महिना ४० हजार पगार आहे. वर्षाचे झाले ४ लाख ८० हजार. त्यातून ७५ हजार वजा केले की उरले ४ लाख ५ हजार. चार लाखांच्या वरच्या ५ हजारांवर ५ टक्के म्हणजे २५० रुपये कर, आणि तेवढीच सूट. देणे शून्य. परंतु ४ लाखांची रेघ ओलांडली, म्हणून रिटर्न भरलेच पाहिजे. न भरता डिसेंबरपर्यंत थांबल्या तर १,००० रुपये विलंब शुल्क बसेल. उत्पन्न ५ लाखांच्या वर असेल तर हेच शुल्क ५,००० रुपये होते. कर शून्य आणि दंड हजार, असा उलटा व्यवहार कशाला करायचा?

आता ज्यांचे उत्पन्न ४ लाखांच्या आत आहे त्यांचे काय? त्यांच्यावर एरवी सक्ती नाही. मात्र वर्षात २५,००० रुपयांहून अधिक कर कापला गेला असेल, किंवा विजेचे बिल वर्षाला लाखाच्या वर गेले असेल, अशा काही प्रसंगी त्यांनाही भरावे लागते. आणि सक्ती नसली तरी स्वतःच्या हितासाठी भरावे, अशी माणसे आपल्या वस्त्यांत पुष्कळ आहेत. रंगकाम, प्लंबिंग, वायरिंगची छोटी ठेकेदारी करणाऱ्या आपल्या भावांच्या बिलातून १ टक्का कर कापला जातो. नोकरी सोडली आणि पाच वर्षे पूर्ण होण्याआधी ५० हजार किंवा त्याहून जास्त प्रॉव्हिडंट फंड काढला, की त्यातून १० टक्के कापले जातात. पॅन दिलेला नसेल तर २० टक्के. हा कापलेला पैसा आपलाच असतो. कर देणे लागत नसेल तर तो परत मिळतो, पण रिटर्न भरल्याशिवाय मिळत नाही. सरकार घरी आणून देणार नाही. ७० हजारांच्या फंडातून कापलेले ७ हजार म्हणजे मुलाची एका वर्षाची फी असू शकते.

शिवाय घरासाठी किंवा रिक्षासाठी कर्ज मागायला गेले की बँक दोन-तीन वर्षांची रिटर्न मागते. मुलाच्या शैक्षणिक कर्जाला पालकांची मागते. त्या वेळी धावपळ करण्यापेक्षा दरवर्षी एक कागद तयार ठेवणे बरे.

तेव्हा रिटर्न भरायचे हे ठरले. आता कुणाकडून आणि किती पैशांत?

पहिला मार्ग फुकटचा आहे, आणि तोच पुष्कळांना माहीत नाही. आयकर विभागाची स्वतःची वेबसाईट आहे. तिच्यावर रिटर्न भरायला एक रुपयाही लागत नाही. तिचा पत्ता 'इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन' असा आहे. शेवटी 'गव्ह डॉट इन' आहे की नाही हे नीट पाहावे, कारण तिच्यासारख्या दिसणाऱ्या खासगी वेबसाईट असतात. काही रीतसर फी घेऊन काम करतात, काही नुसत्या फसवणुकीच्या असतात.

या वेबसाईटवर साध्या पगारदारासाठी 'आयटीआर-१', म्हणजेच 'सहज' नावाचा फॉर्म आहे. पगार किंवा पेन्शन, स्वतःचे एखादे घर, बँकेचे व्याज आणि शेतीचे ५,००० रुपयांपर्यंत उत्पन्न, एकूण ५० लाखांच्या आत, एवढाच मामला असेल तर हाच फॉर्म आपला. छोटे दुकान किंवा छोटी ठेकेदारी असेल आणि धंद्यावर ठराविक टक्के नफा धरून हिशेब द्यायचा असेल, तर 'आयटीआर-४', म्हणजे 'सुगम'.

हे काम दिसते तेवढे अवघड नाही. पॅन क्रमांक हेच आपले खाते. पासवर्ड स्वतः ठरवायचा. आत गेल्यावर नाव, पगार, कापलेला कर, बँकेचे व्याज ही माहिती बहुतेक आधीच भरलेली दिसते. आपण ती फॉर्म १६ शी ताडून पाहायची. कंपनीने हा फॉर्म १५ जूनपर्यंत द्यायचा असतो, मागून घ्यावा. त्याच वेबसाईटवर 'फॉर्म २६एएस' आणि 'एआयएस' असे दोन उतारे मिळतात. आपल्या नावावर कुणी किती कर जमा केला आणि कुठून किती पैसा आला, हे त्यांत असते. बचत खात्याचे चार-पाचशे रुपये व्याजही त्यात दिसते, म्हणून ते सोडू नये. सर्व जुळले की बँक खाते तपासून फॉर्म पाठवायचा.

पाठवला म्हणजे संपले असे मात्र नाही. ३० दिवसांच्या आत त्याची पडताळणी करावी लागते. आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, तो टाकला की झाले. ही पायरी राहिली तर रिटर्न भरलेच नाही असे धरले जाते. पुष्कळांचे काम इथेच अडते, कारण आधारला जुना, बंद पडलेला मोबाईल क्रमांक जोडलेला असतो. तो आधार केंद्रात जाऊन आधीच बदलून घ्यावा. तसेच पॅन आणि आधार एकमेकांना जोडलेले आहेत ना, हेही पाहावे. जोडणी न केलेले पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय होऊ लागले आहेत. असे पॅन असेल तर रिफंड मिळत नाही आणि कर जास्त दराने कापला जातो. ते सुरू करून घ्यायला १,००० रुपये शुल्क आहे.

घरात बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी असेल तर त्यांना शेजारी बसवा. सरकारी फॉर्म, शिष्यवृत्तीचे अर्ज ही मुले मोबाईलवर भरतातच. बापाचे रिटर्न भरताना मुलीला पगाराचा कागद वाचता येईल, फंड म्हणजे काय, कर कसा कापतात हे समजेल. हे शिक्षण कुठल्या क्लासात मिळत नाही. अडले तर विभागाचा मोफत मदत क्रमांक आहे, १८०० १०३ ००२५. ज्यांचे वय ८० च्या वर आहे त्यांना हा फॉर्म कागदावर भरून देण्याचीही मुभा आहे. आणि ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांचे फक्त पेन्शन आणि त्याच बँकेतले व्याज एवढेच उत्पन्न असेल, तर बँकेत ठराविक घोषणापत्र दिल्यावर त्यांना रिटर्नच भरावे लागत नाही.

दुसरा मार्ग, जवळचे सेवा केंद्र किंवा ओळखीचा करणारा माणूस. संगणक हाताळण्याची सवय नाही, घरात कुणी शिकलेले नाही, अशांसाठी हा मार्ग वाईट नाही. काम करणाऱ्याला कामाचा मोबदला दिलाच पाहिजे. पण फॉर्म १६ एकच, उत्पन्न एकच, असे साधे काम अर्ध्या-पाऊण तासाचे असते हे लक्षात ठेवून फी ठरवावी. दोन-तीन ठिकाणी विचारावे. 'आधी भरू, मग बघू' असे कुणी म्हणाले तर पुढच्या दारी जावे. आणि जेवढा पैसा परत मिळणार त्याच्याशी फी ताडून पाहावी. रंगकाम करणाऱ्या भावाला वर्षात २ लाख ६० हजारांची बिले मिळाली आणि त्यातून २,६०० रुपये कापले गेले असतील, तर त्या परताव्यासाठी दीड हजार फी देणे म्हणजे अर्ध्याहून अधिक दुसऱ्याच्या घरात गेले.

तिसरा मार्ग, चार्टर्ड अकाउंटंट किंवा कर सल्लागार. याची फी जास्त, पण काही वेळा ती देण्यातच शहाणपण आहे. जमीन किंवा घर विकले, शेअरचे व्यवहार केले, स्वेच्छानिवृत्तीचे पैसे आले, धंदा वाढला, विभागाची नोटीस आली, अशा वेळी दोन पैसे वाचवायला जाऊ नये. १२ लाखांची ती सूट जमीन किंवा शेअर विकून झालेल्या नफ्यावर मिळत नाही, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. मागच्या वर्षांची थकबाकी एकदम मिळाली असेल तर तिच्यावर वेगळी सवलत आहे, पण त्यासाठी रिटर्नच्या आधी 'फॉर्म १०ई' भरावा लागतो. ज्याला हे माहीत आहे अशाच माणसाकडे जावे. साध्या पगारदाराला मात्र दरवर्षी या दाराशी जाण्याची गरज नाही.

आता त्या दुसऱ्या बोलण्याकडे वळू, जो माणूस 'भरपूर रिफंड काढून देतो' त्याच्याकडे. बंधूंनो, इथे आम्हाला कठोर शब्दांत सांगावे लागेल. हा माणूस जादू करीत नाही. तो आपल्या रिटर्नमध्ये खोट्या वजावटी लिहितो. न दिलेले घरभाडे, न केलेले दान, राजकीय पक्षाला न दिलेली देणगी, न काढलेला आरोग्य विमा, घरात नसलेला आजार. त्यावर रिफंड येतो आणि त्यातले ठराविक टक्के तो घेतो. तो मोकळा होतो. रिटर्नवर नाव मात्र आपले, पॅन आपला आणि जबाबदारीही आपली.

ही नुसती भीती नाही. १४ जुलै २०२५ रोजी आयकर विभागाने देशभरात १५० ठिकाणी अशा मध्यस्थांची तपासणी केली. टक्केवारीवर खोटे रिफंड काढून देणाऱ्यांच्या टोळ्याच त्यातून उघड झाल्या. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी स्वतःहून रिटर्न दुरुस्त करून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले, असे विभागाने सांगितले. हे मध्यस्थ आणखी एक करामत करतात. शेकडो रिटर्न भरण्यापुरता एक तात्पुरता ई-मेल काढतात आणि नंतर सोडून देतात. नोटीस त्या पत्त्यावर जाते. आपल्याला पत्ताच नसतो. कळते तेव्हा व्याज चढलेले असते. जाणूनबुजून खोटी माहिती दिली असे ठरले तर बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो. वीस हजारांचा खोटा रिफंड घेतला तर ते वीस हजार, त्यावर व्याज आणि वर चाळीस हजारांपर्यंत दंड. कुठून आणायचे? व्याजाने काढायचे?

गंमत अशी की २०२५-२६ च्या उत्पन्नाला या खोटेपणाची गरजही उरलेली नाही. ज्याचा पगार १२ लाख ७५ हजारांच्या आत आहे आणि दुसरे उत्पन्न नाही, त्याचा कर नव्या पद्धतीत शून्यच आहे. कंपनीने चुकून काही कापले असेल तर ते सगळे खरेपणाने परत मिळते. एका पावतीची गरज नाही. मग टक्केवारी कशाची द्यायची? आपल्याच ताटातला घास आपल्यालाच विकत घेण्यासारखे हे झाले. मागच्या वर्षांत कुणाकडून असे काही झाले असेल तर लपवून बसू नये. जादा कर भरून चार वर्षांपर्यंत रिटर्न दुरुस्त करण्याची सोय कायद्यात आहे. नोटीस येण्याआधी जो जातो त्याचे कमी जाते.

उलट दिशेचा एक मोहही सांभाळावा. कर्ज मोठे मिळावे म्हणून काही जण उत्पन्न फुगवून दाखवायला सांगतात. 'कर तर लागतच नाही, सहा लाख दाखवू' असा हिशेब. पण ज्या घरात मुले मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती घेतात त्यांनी थांबून विचार करावा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी त्या शिष्यवृत्तीला पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा २ लाख ५० हजार आहे. तहसीलच्या दाखल्यावर एक आकडा आणि रिटर्नमध्ये दुसराच, असे झाले तर मुलाची शिष्यवृत्ती अडचणीत येते. आणि न मिळवलेल्या उत्पन्नावर घेतलेल्या कर्जाचा हप्ता खऱ्याच पगारातून भरावा लागतो. जे खरे आहे तेच लिहावे. बाबूला फसवण्यात शहाणपण नाही आणि एजंटकडून फसण्यातही नाही.

एक गोष्ट विशेषतः ठेकेदाराकडे काम करणाऱ्यांसाठी. पगारपत्रकात कर कापलेला दिसतो, पण फॉर्म २६एएस मध्ये तो जमा दिसत नाही, असे घडते. म्हणजे पैसा आपल्याकडून कापला गेला पण सरकारकडे पोहोचला नाही किंवा चुकीच्या पॅनवर गेला. अशा वेळी पगाराच्या चिठ्ठ्या जपून ठेवून मालकाकडे लेखी मागणी करावी, एकट्याने नव्हे तर चार-पाच जणांनी मिळून. एकाच्या पॅनचा घोळ असू शकतो, पण सगळ्यांचा असेल तर तो मालकाचा घोळ आहे. हा उतारा दरवर्षी पाहिला नाही तर ही चोरी कळतही नाही.

भरून देणारा कुणीही असो, पैसे देण्याआधी काही गोष्टी पक्क्या करून घ्याव्यात. फी किती ते आधी ठरवावे, आणि ती रकमेत ठरवावी, रिफंडच्या टक्क्यांत नव्हे. मोबाईल क्रमांक आणि ई-मेल आपला किंवा घरातल्या मुलाचा द्यावा, त्याचा नव्हे. पासवर्ड वहीत लिहून घरी ठेवावा आणि काम झाले की बदलावा. बँक खाते आपलेच घातले आहे ना, ते पासबुक समोर ठेवून पाहावे. पाठवण्याआधी फॉर्म वाचून दाखवायला सांगावे, आणि पगार व वजावट हे दोन आकडे तरी स्वतः पाहावेत. ओटीपी सांगणे म्हणजे सही करणे आहे. आपल्या आजोबांनी न वाचता अंगठे उठवले आणि जमिनी गेल्या. आपण न पाहता ओटीपी सांगणार असू, तर शिकलो ते काय? शेवटी पोचपावतीची प्रत घ्यावी आणि घरच्या कागदांच्या पिशवीत ठेवावी. नंतर 'तुमचा रिफंड आला आहे, कार्डाचा नंबर सांगा' असा फोन किंवा संदेश आला तर तो फसवणुकीचा समजावा. विभाग कधीही पिन किंवा कार्डाची माहिती विचारीत नाही.

२०२५-२६ च्या उत्पन्नासाठी साध्या रिटर्नची मुदत ३१ जुलै २०२६ धरून चालावे. २०२५ साली ही मुदत वाढत वाढत १६ सप्टेंबरपर्यंत गेली होती, पण त्या आशेवर बसू नये. शेवटच्या आठवड्यात वेबसाईटवर गर्दी होते आणि एजंटांच्या फीही चढतात. मुदत चुकलीच तर ३१ डिसेंबरपर्यंत विलंब शुल्कासह भरता येते. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, २०२५ लागू झाला आहे. परंतु त्याआधीच्या या वर्षाचा हिशेब १९६१ च्या जुन्या कायद्याप्रमाणेच होतो, म्हणून 'कायदा बदलला, आता जास्त फी लागेल' असे कुणी सांगितले तर मानू नये.

शेवटी मंडळांना एक विनंती. प्रत्येक वस्तीत कॉमर्स शिकणारी दोन-चार मुले-मुली असतात. जुलैच्या एखाद्या रविवारी समाजमंदिरात किंवा वाचनालयात त्यांना दोन मोबाईल घेऊन बसवावे. ज्यांचे रिटर्न साधे आहे त्यांनी आधार, पॅन, पासबुक, फॉर्म १६ घेऊन यावे. मुलांनी दाखवावे, पण बटण ज्याचे त्यानेच दाबावे आणि पासवर्ड ज्याचा त्यालाच माहीत असावा. महिला मंडळाने चहा ठेवावा. वीस घरांचे प्रत्येकी पाचशे वाचले तरी दहा हजार रुपये वस्तीतच राहतील, आणि तेवढ्यात कितीतरी मुलांच्या वह्या येतील. ज्यांचे प्रकरण गुंतागुंतीचे आहे त्यांना मात्र मुलांनी स्पष्ट सांगावे की तुम्ही जाणकाराकडे जा. आपल्याला काय येत नाही हे सांगता येणे, हेही शिक्षणच आहे.

आपली कमाई घामाची आहे. तिचा हिशेब आपल्याच हातात असला पाहिजे.